जुन्या हॉटेलच्या जागी टॉवर येतोय. आम्ही शेजारी काय करू शकतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुणे स्टेशन आणि कॅम्प यांच्या मधल्या पट्ट्यात, साधारण दोन एकरांच्या आवारात एक दुमजली दगडी हॉटेल आहे. मंगलोरी कौलं, लांब व्हरांडा, मागे-पुढे जुनी झाडं. मालकांच्या तिसऱ्या पिढीतल्या भावंडांची बिल्डरशी बोलणी झाली आहेत आणि कुंपणावर फलक लागला आहे. समोरच्या सोसायटीने सह्या गोळा करायला सुरुवात केली आहे. मोहीम कशी चालवावी आणि कोर्टातून स्टे मिळेल का, असं त्यांनी विचारलं आहे.

सह्यांचे कागद जरा बाजूला ठेवा. ते लागतील, पण नंतर. मी जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं आणि संवर्धनाचं काम करते. अशा प्रकरणांत कधी मालकाची सल्लागार म्हणून बसले आहे, कधी रहिवाशांची. दोन्हीकडून एक गोष्ट सारखीच दिसते. नुसता टॉवरला विरोध करून हॉटेल वाचत नाही. ती इमारत पुढची तीस-चाळीस वर्षं स्वतःचा खर्च स्वतः भागवेल असा मार्ग मालकापुढे ठेवला, तर ती वाचण्याची शक्यता निर्माण होते. कागदपत्रांची लढाई लढायची ती असा मार्ग शोधायला सवड मिळावी म्हणून.

तेव्हा आधी तो फलक नीट वाचा. त्यावर फ्लॅट किंवा ऑफिसं विकायची जाहिरात असेल आणि महारेराचा (राज्याच्या गृहप्रकल्प नियामक प्राधिकरणाचा) नोंदणी क्रमांक नसेल, तर ती जाहिरातच नियमबाह्य आहे. एवढ्या मोठ्या प्रकल्पाची नोंदणीआधी जाहिरात करता येत नाही. क्रमांक असेल तर मात्र उशीर झालाय असं समजा, कारण नोंदणीसाठी बांधकाम सुरू करण्याचा दाखला जोडावा लागतो. निदान एका टप्प्याला तरी परवानगी मिळाली आहे, असा त्याचा अर्थ. तो क्रमांक महारेराच्या संकेतस्थळावर टाकला की मंजूर नकाशे आणि मालकीहक्काचा अहवाल घरबसल्या पाहता येतो. फलकावर फक्त विकसकाचं नाव आणि 'या जागेचा ताबा आमच्याकडे आहे' एवढंच असेल, तर बहुधा तुम्ही वेळेत आहात.

वर्तमानपत्राच्या आतल्या पानांवरच्या जाहीर नोटिसाही चाळा. वकिलाने 'सदर मिळकतीवर कोणाचा हक्क, हितसंबंध असल्यास चौदा दिवसांत कळवावे' असं छापलं असेल, तर व्यवहार अजून मालकीहक्क तपासण्याच्या पायरीवर आहे. त्या वकिलाला वारशाबद्दल भावनिक पत्र पाठवू नका. ते लोक हटकून पाठवतात आणि त्याचा उपयोग शून्य. वकील जमिनीवरचा हक्क विचारतोय आणि तुमचा तो नाही.

दुसरी गोष्ट हद्दीची. तुम्ही सांगता त्या पट्ट्यात रस्त्याच्या एका बाजूला महापालिका आणि दुसऱ्या बाजूला कॅन्टोन्मेंट असू शकतं, आणि दोन्हीकडे खेळाचे नियम सर्वस्वी वेगळे आहेत. कॅन्टोन्मेंटमध्ये जमिनीची नोंद जीएलआर नावाच्या रजिस्टरमध्ये असते आणि ते डिफेन्स इस्टेट्स ऑफिसरकडे असतं. तिथे बरेच जुने बंगले ओल्ड ग्रँटवर आहेत: जमीन केंद्र सरकारची, वरचं बांधकाम धारकाचं. अशा जागेत हस्तांतर, वापरातला बदल, नवं बांधकाम या प्रत्येकाला सरकारी संमती लागते, त्यामुळे टॉवर उभा करणं मुळातच अवघड. कॅन्टोन्मेंटचा नागरी भाग महापालिकेत घ्यायचा विषय बरीच वर्षं चर्चेत आहे. काही बिल्डर त्या आशेवरच आज करार करून ठेवतात. तुमचं हॉटेल त्या बाजूला निघालं, तर या उत्तराचा निम्मा भाग सोडून द्या आणि पहिला अर्ज डिफेन्स इस्टेट्सकडे करा.

महापालिकेची हद्द धरून पुढचं लिहिते. नगर भूमापन कार्यालयातून मालमत्ता पत्रक काढा. मालक किती, वारसनोंदी झाल्या आहेत का, कर्जाचा बोजा आहे का, हे त्यावरून कळतं. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर शोध घेतला की विकसन करारनामा नोंदला गेलाय का तेही समजतं. मग विकास आराखड्याच्या नकाशावर ती जागा पाहा. जुन्या हद्दीचा आराखडा २०१७ मध्ये मंजूर झाला आहे. त्यात रस्तारुंदीची रेषा हॉटेलच्या व्हरांड्यातून तर जात नाही ना, हे आत्ताच बघा. टॉवर रद्द झाला आणि व्हरांडा रस्त्यात गेला, अशी फजिती नको.

बांधकाम विभागातली फाईल पाहायला माहिती अधिकाराचा अर्ज करा. दहा रुपये फी, तीस दिवसांची मुदत. पण त्याआधी सोमवारी प्रत्यक्ष जाऊन बघा. सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख पाहू देण्याची पद्धत पुणे महापालिकेत आधीपासून होती, आणि २०१८ मध्ये राज्य शासनाने ती जिल्हा पातळीवरची कार्यालयं आणि स्थानिक संस्थांना लागू केली. विभागागणिक अंमलबजावणी कमी-जास्त असते, म्हणून आधी फोन करा. फाईलमध्ये तीन कागद शोधायचे: प्रस्ताव दाखल झाल्याची तारीख, हेरिटेज समितीचा (वारसा इमारतींबाबत महापालिकेला सल्ला देणाऱ्या समितीचा) अभिप्राय मागवलाय का, आणि इमारतीच्या स्थितीवरचा स्ट्रक्चरल अहवाल. तिसऱ्याकडे पुन्हा येते.

आता यादी. महापालिकेची वारसा इमारतींची यादी असते आणि तिच्यात तीन श्रेणी. पहिल्या श्रेणीत जवळपास हात लावता येत नाही. दुसरीत आतून बदल करता येतात, नवा वापर आणता येतो, आवारात मूळ इमारतीला शोभेल अशी भर घालता येते. तिसरीत बरीच मोकळीक असते, कधी पुनर्बांधणीचीही. हॉटेल यादीत असेल, तर तुमच्या हातात दोन चांगली हत्यारं आहेत. एक, महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ यातली 'विकास' या शब्दाची व्याख्या. त्यात वारसा इमारतीतला ठळक किंवा रचनात्मक बदल स्पष्टपणे धरला आहे, आणि पाडकामही. म्हणजे 'आम्ही फक्त दुरुस्ती करतोय' म्हणून आतले जिने आणि तुळया काढायला परवानगी लागते. ती नसेल तर कलम ५४ खाली काम थांबवण्याची नोटीस देता येते. दुसरं, यादीतली इमारत पाडायची किंवा तिच्यात मोठा बदल करायचा तर नागरिकांच्या हरकती-सूचना मागवाव्यात, अशी हेरिटेज नियमावलीतली तरतूद. ती नोटीस कुठल्या वर्तमानपत्रात येईल ते सांगता येत नाही. म्हणून तुमच्यातल्या एका निवृत्त माणसावर रोज जाहीर नोटिसा वाचायचं काम सोपवा. प्रत्येक सोसायटीत असा माणूस असतोच, आणि पेपर तो तसाही शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो.

समितीचं मत सल्ल्यासारखं असतं, निर्णय आयुक्तांचा. मत डावलायचं तर त्यांना कारणं लेखी द्यावी लागतात. तुमचं निवेदन समितीकडे आणि आयुक्तांकडे दोन्हीकडे पोचलेलं असावं, आवक क्रमांकासह, ते त्यासाठी. तोंडी आश्वासनाला पुढे कोणी विचारत नाही.

यादीत नसेल तर नाव घालायची विनंती करता येते. पण तिला हरकती, मालकाची सुनावणी, शेवटी राज्य शासनाची मंजुरी असा लांबचा रस्ता आहे. त्या काळात इमारत सुरक्षित राहील असं गृहीत धरू नका. मी पाहिलेली सगळ्यात स्वस्त पाडापाडी अशी असते: एप्रिल-मे महिन्यात कौलं उतरवतात, 'शाकारणी चालू आहे' म्हणून सांगतात, आणि ती परत चढतच नाहीत. जूनपासून सप्टेंबरपर्यंत पाऊस छपराच्या सागवानी कैच्यांवर (कौलं पेलणाऱ्या लाकडी सांगाड्यावर) आणि चुन्याच्या भिंतींवर पडतो. दिवाळीपर्यंत इमारत खरोखरच धोकादायक झालेली असते. म्हणून आजच्या तारखेचे फोटो काढून ठेवा, छपराचे विशेषतः, शेजारच्या गच्चीवरून. तारखेसह महापालिकेला सादर करा. कौलं हलली की त्याच दिवशी लेखी तक्रार.

हे सगळं चालू असताना एक काम शांतपणे करायचं आहे, आणि माझ्या मते तेच सगळ्यात कमी लोक करतात. या हॉटेलमध्ये राखण्यासारखं नेमकं काय आहे, हे दोन पानांत लिहून काढायचं. 'जुनं आहे, सुंदर आहे, आमच्या आठवणी आहेत' यावर समिती मान डोलावते आणि पुढच्या विषयाकडे जाते.

तुमच्या भागापुरतं सांगते. खंडाळ्याहून पुण्यापर्यंत रेल्वे १८५८ मध्ये आली आणि बोरघाटाचा चढ १८६३ मध्ये पुरा झाला. मुंबईचा गव्हर्नर पावसाळ्यात पुण्यात मुक्काम करायचा. गणेशखिंडीतलं त्याचं निवासस्थान म्हणजे आजच्या विद्यापीठाची मुख्य इमारत. घोड्यांच्या शर्यतीही पावसाळ्यातच. मुंबईची बडी मंडळी, अधिकारी, शर्यतीचे शौकीन हे सगळे त्या चार महिन्यांत इथे येत, आणि स्टेशन ते कॅम्प या पट्ट्यातल्या हॉटेलांचा धंदा त्यांच्यावर चाले. १९३० मध्ये डेक्कन क्वीन सुरू झाली तीही सुरुवातीला शनिवार-रविवारच्या या गर्दीसाठी. आता तुमच्या इमारतीकडे या नजरेने पाहा. व्हरांडा इतका खोल कशासाठी? पावसाळ्यात बसायला. आवार एवढं मोठं कशासाठी? टांगे, पुढे मोटारी, नोकरांच्या खोल्या, कदाचित पागा. पागेची इमारत मागे अजून उभी असेल, तर तुमच्या टिपणात ती दर्शनी भिंतीइतकीच महत्त्वाची आहे. दर्शनी भिंत सगळ्यांना दिसते, बिल्डरलाही. 'आम्ही फसाड ठेवू' ही सवलत तो पहिल्याच बैठकीत देतो. मागे वीस मजले आणि पुढे तोंडाला लावलेला जुना मुखवटा, याला मी तरी संवर्धन म्हणत नाही. तुम्ही म्हणणार असाल तर ते आत्ताच ठरवा, समितीसमोर नको.

पुरावे गोळा करा. हॉटेलच्या जुन्या नोंदवह्या, बिलं, मेन्यू, काचसामान. आसपासच्या कुटुंबांकडे तिथल्या लग्नांचे, मुंजींचे, पार्ट्यांचे फोटो असतील. पुणे पुरालेखागार, १९१० पासूनचं भारत इतिहास संशोधक मंडळ, वर्तमानपत्रांच्या जुन्या फायली, नगर भूमापनाचे पहिले नकाशे. एक सावधगिरी मात्र बाळगा. 'अमुक पुढारी इथे उतरले होते' असं नोंदवहीच्या पानाशिवाय लिहू नका. टिळक येऊन गेले नाहीत असं सांगणारी जुनी इमारत पुण्यात अजून माझ्या पाहण्यात नाही. समितीवरचे लोक हे ऐकून ऐकून कंटाळले आहेत, आणि एक खोटा दावा उघडा पडला की बाकी खऱ्यांवरचाही विश्वास उडतो.

टिपणात धंदा आणि इमारत वेगळे ठेवा. लक्ष्मी रोडवरच्या पूना गेस्ट हाउसचं नाव घेतलं की मूकपटांच्या काळातले दिग्दर्शक नानासाहेब सरपोतदार आणि नाटक-सिनेमाची मंडळी आठवतात. तिथली श्रीमंती खोल्यांपेक्षा येणाऱ्या-जाणाऱ्या माणसांत आहे. डेक्कनवरच्या इराणी हॉटेलांपैकी लकी गेलं आणि तिथे मॉल आला, गुडलक राहिलं. दोन्ही ठिकाणी पुणेकरांचा जीव चहा-बनमस्क्यात होता, वास्तुशैलीत नव्हता. वारसा नियमावली इमारतीचं रक्षण करते; चालू धंद्याला ती हात लावत नाही. तुमचं हॉटेल संरक्षित झालं आणि उद्या त्यात शोरूम आलं, तर चालणार आहे का? मला चालेल. तुमच्या गटात सगळ्यांना चालेलच असं नाही, आणि हा मतभेद ऐन सुनावणीत बाहेर आलेला मी पाहिलाय.

आठवण आणि वास्तू यांतही फरक करावा लागतो. भिडे वाडा घ्या. १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी तिथे मुलींची शाळा काढली. स्मारकासाठी जागा ताब्यात यायला बरीच वर्षं कोर्टकज्जे झाले, आणि निकालानंतर डिसेंबर २०२३ मध्ये मोडकळीला आलेला वाडा उतरवला गेला. तिथे मोल शाळेच्या घटनेचं होतं. दगड-लाकूड हातातून गेलेलंच होतं. तुमच्या हॉटेलचं उलट आहे. तिथे कोणतीही मोठी घटना घडली नसली तरी ती वास्तू आणि ते आवार मिळूनच पुरावा आहेत. तेव्हा 'पाडून प्रतिकृती बांधू' हा पर्याय तुमच्यासाठी नाही, हे टिपणात स्पष्ट लिहा.

आता स्ट्रक्चरल अहवाल. निम्म्याहून अधिक इमारती इथेच हरतात. अहवालात 'आयुष्य संपलेलं आहे, दुरुस्ती परवडणारी नाही' असं एक वाक्य असतं, त्यावर महापालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली धोकादायक इमारतीची नोटीस निघते, आणि मग वारसा वगैरे बाजूला पडतं. हा अहवाल मिळवा आणि त्यात चाचण्या कोणत्या केल्या ते बघा. रिबाउंड हॅमरने ठोकून भिंतीची ताकद मोजली असेल, तर तिथेच बोट ठेवा. ती चाचणी काँक्रीटसाठी आहे; बेसॉल्टचा दगड आणि चुना यांच्या भिंतीला ती काही सांगत नाही. भेगा किती मोठ्या एवढंच लिहिलंय, की त्या वाढताहेत का तेही तपासलंय? भेगेवर काचेची पट्टी बसवायची, तारीख लिहायची, पावसाळा जाऊ द्यायचा. काच फुटली तर भिंत हलतेय. नाही फुटली तर ती भेग तुमच्या आजोबांच्या काळापासून तशीच असेल.

अशा इमारतींची दुखणी ठरलेली असतात. दोन उतारांच्या मधली पन्हळ गळते आणि तुळईचं भिंतीत शिरलेलं टोक कुजतं. मधला सागवान ठणठणीत असतो; कुजलेलं टोक कापून नवा जोड देता येतो, लोखंडी पट्ट्या लावून. भिंतीतल्या ओलीचं कारण पुष्कळदा मागच्या तीस-चाळीस वर्षांत कोणीतरी प्रेमाने केलेला सिमेंटचा गिलावा असतो. चुन्याची भिंत ओल बाहेर सोडते. सिमेंट ती आत कोंडून ठेवतं. गिलावा खरवडून परत चुन्याचा केला की दोन-तीन हंगामांत भिंत सुकते. पिंपळाची मुळं, वाळवी, गच्चीवर नंतर चढवलेल्या पाण्याच्या टाक्या, हे सगळं दुरुस्त होतं. तुमच्या बाजूने स्वतंत्र अहवाल मागायचा तर जुन्या दगड-चुन्याच्या बांधकामाचा अनुभव असलेल्या अभियंत्याचा मागा आणि त्यात दुरुस्तीचा खर्च आकड्यात घाला. तो आकडा मालकाशी बोलताना लागणार आहे.

अहवाल खराच वाईट निघाला तर? तर ते मान्य करा. आतला एखादा भाग उतरवून बाकी राखणं हा मार्ग असतो. 'काहीच धोका नाही' म्हणत राहिलात आणि उद्या व्हरांड्याचा तुकडा कोणाच्या डोक्यावर पडला, तर मोहीमही संपली आणि तुमची पतही.

मालकाकडे येते. त्यांना खलनायक ठरवून चालणार नाही. त्यांचा हिशेब मांडून बघा. दोन एकर म्हणजे सुमारे ८,१०० चौरस मीटर. राज्याच्या डिसेंबर २०२० च्या एकत्रित बांधकाम नियमावलीप्रमाणे मूळ एफएसआय (जागेच्या किती पट बांधता येईल ते प्रमाण) १.१ धरला तर जवळजवळ ८,९०० चौरस मीटर बांधता येतं. त्यावर रस्त्याच्या रुंदीप्रमाणे प्रीमियम एफएसआय (पैसे भरून मिळणारा), टीडीआर (दुसऱ्या जागेवरून विकत आणलेला बांधकाम हक्क), आणि पुन्हा अनुषंगिक क्षेत्र (जिने, बाल्कनी वगैरेंसाठीची भर), निवासीला ६० टक्के आणि व्यापारीला ८० टक्क्यांपर्यंत. हॉटेलचे दोन मजले मिळून समजा २,००० चौरस मीटर भरत असतील. म्हणजे भावंडं कित्येक पट किमतीच्या जागेवर बसून कौलं बदलायचे पैसे जमवताहेत. त्यात हिस्से, एकाला परदेशात फ्लॅट घ्यायचाय, एकीच्या मुलांची शिक्षणं आहेत. 'तुम्ही वारसा जपा' हे सांगायला तुमचं काय जातंय, असं ते म्हणाले तर बरोबरच आहे.

पण याच आकड्यांत तुमची वाटही आहे. हॉटेलने जमिनीवर अडवलेली जागा हजार चौरस मीटर असेल. उरलेले सात हजार चौरस मीटर मागे आणि बाजूला आहेत. जुनी इमारत आणि पुढची बाग ठेवून मागे मध्यम उंचीचं नवं बांधकाम केलं, तर क्षमतेचा मोठा भाग वापरता येतो. जे बसणार नाही त्यासाठी यादीतल्या इमारतीला हेरिटेज टीडीआर मिळण्याची सोय आहे, आणि तो बाजारात विकता येतो. जुन्या इमारतीत मोजक्या खोल्यांचं महाग हॉटेल, खाली उपाहारगृह, मागच्या इमारतीशी जोडलेलं. केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाच्या वर्गीकरणात १९५० पूर्वीच्या इमारतींसाठी हेरिटेज हॉटेल हा गट आहे, तिकडेही बघता येईल. एखाद्या तरुण वास्तुविशारदाकडून याचा साधा आराखडा करून घ्या: सामासिक अंतरं (इमारतीभोवती मोकळी सोडायची जागा), पार्किंग, अग्निशमनाची गाडी वळायची जागा दाखवून. वास्तुकला महाविद्यालयाचे विद्यार्थी मालकाच्या परवानगीने इमारतीची मोजमापं घेऊन नकाशे करून देतात. हे नकाशे मालकालाही हवे असतात, त्या निमित्ताने दार उघडतं.

आराखडा घेऊन आधी भावंडांकडे जा, वर्तमानपत्राकडे नंतर. भावंडांत एखादं माणूस असं असतं ज्याला हॉटेल पाडायचं नसतं आणि ते उघड बोलता येत नसतं. त्याला हातात धरायला काहीतरी द्या. बिल्डरशीही बोला. मोठी नावं वाद टाळू बघतात; मंजुरीला दोन वर्षं जास्त लागणार असं दिसलं की मागे बांधायचा प्रस्ताव त्यांना अचानक कल्पक वाटू लागतो. कागदाची लढाई इथे कामाला येते. आणि हॉटेलातले जुने वेटर, स्वयंपाकी, कायमचे राहणारे एखाद-दोन पाहुणे यांना विसरू नका. करारात त्यांचं काय होणार हे कोणी विचारलेलं नसतं.

नुसतं यादीत नाव असून भागत नाही, याचं उदाहरण मुंबईत आहे. काळा घोड्याजवळचं वॉटसन्स हॉटेल, इंग्लंडहून ओतीव लोखंडाचा सांगाडा आणून १८६० च्या दशकात उभारलेलं. तिथे ७ जुलै १८९६ ला ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रं दाखवली गेली. यादीत आहे, जगभर नाव आहे. पण मालक आणि भाडेकरू यांच्यात दुरुस्ती कोणी करायची ते ठरेना, आणि २०१९ मध्ये आयआयटी मुंबईच्या तज्ज्ञांनी ते उतरवावं असं सुचवण्यापर्यंत वेळ आली. मालकाच्या हिशेबावर मी एवढं का अडून बसते, ते यामुळे.

पर्यावरणाच्या बाजूने दोन गोष्टी. एकूण बांधकाम २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून जास्त असेल, तळघरं आणि पार्किंग धरून, तर पर्यावरण मंजुरी लागते. तुमच्या जागेवरचा टॉवर ही मर्यादा सहज ओलांडेल. अशा इमारत प्रकल्पांना जनसुनावणी नसते, पण अर्ज पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर दिसतो आणि अर्ज तपासणाऱ्या पर्यावरण समितीला लेखी निवेदन देता येतं. मंजुरीविरुद्ध हरित लवादाकडे ३० दिवसांत अपील करायचं असतं; पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यातच आहे. लवाद झाडं-पाणी ऐकेल, वास्तुशैली नाही. झाडांसाठी वृक्ष अधिकाऱ्याची नोटीस झाडावरच लावतात, मुदत थोडी असते. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्ष म्हणून वेगळं स्थान मिळालंय. तेव्हा बुंध्याचे घेर मोजून ठेवा.

ट्रॅफिक आणि पार्किंग हा मुद्दा मागे ठेवा. तो पुढे केलात की बिल्डर दोन मजले पार्किंग वाढवतो आणि तुमची हरकत निकाली निघते. शिवाय ऐकणाऱ्याला वाटतं, यांना फक्त आपली गाडी लावायला जागा हवीय.

स्टेबद्दल. मिळतो, पण उशिरा गेलात तर नाही. परवानगी झाल्यावर, निम्मं पाडल्यावर गेलात की पहिला प्रश्न 'इतके दिवस कुठे होता' हाच. उच्च न्यायालयात जायचं तर पुण्याचं प्रकरण अजूनही मुंबईलाच जातं, खर्च त्या हिशेबाने धरा. निवेदनं, आवक क्रमांक, माहिती अधिकारातली उत्तरं, फोटो, टिपण हे सगळं हाताशी असेल आणि महापालिकेने स्वतःचाच नियम डावलल्याचं दाखवता येत असेल, तर याचिकेत दम असतो. मद्रास उच्च न्यायालयाने २०१० मध्ये चेन्नईची भारत इन्शुरन्स बिल्डिंग पाडण्यापासून वाचवली. मालक एलआयसीसारखी सरकारी संस्था होती, तरीही. पण न्यायालय दुरुस्तीचे पैसे देत नाही.

सह्या, मोर्चा, वर्तमानपत्रं, हेरिटेज वॉक हे सगळं हरकतींची नोटीस निघेल त्या पंधरवड्यासाठी राखून ठेवा. बालगंधर्व रंगमंदिराच्या पुनर्विकासाची चर्चा २०१८ पासून आहे आणि अजून ते पाडलेलं नाही, याचं एक कारण तिथे रोज काम करणारे कलावंत बोलले. शेजाऱ्यांपेक्षा वापरणाऱ्यांच्या आवाजाला वजन असतं. तुमच्या सह्यांत हॉटेलात लग्न झालेली, तिथे नोकरी केलेली, दर रविवारी जेवायला जाणारी माणसं किती आहेत? त्यांचे कागद वेगळे बांधा, प्रत्येकाने दोन ओळी स्वतःच्या हाताने लिहिलेले.

या आठवड्यात फलकाचा फोटो, मालमत्ता पत्रकाची प्रत आणि छपराचे फोटो एवढंच करा. आणि येत्या सोमवारी बांधकाम विभागात दोघं जण जा. एकाने फाईल वाचायची, दुसऱ्याने टिपून घ्यायचं. फोटो काढू देतात का ते विचारून घ्या; नाही म्हणाले तर पान क्रमांक लिहून आणा, त्याच पानांच्या प्रती माहिती अधिकारात मागता येतात. हॉटेल यादीत कोणत्या श्रेणीत आहे, की नाहीच, ते कळलं की पुढचं निवेदन कोणाच्या नावे आणि कोणत्या मुद्द्यावर लिहायचं ते ठरवता येईल.